शेकोटीजवळची दोघं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना या गावात नावानं फारसं कुणी ओळखत नसे. ते 'ड्रॉइंगचे सर'. एलिमेंटरीच्या परीक्षेआधी ते आमच्याकडून स्मरणचित्रांचा सराव करून घेत. विषय 'माझा गाव' असला की चाळीस पोरांच्या चाळीस कागदांवर एकच गाव उगवायचा. दोन डोंगर, मधोमध सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर कौलारू घर, घराला टेकलेला नारळ आणि आभाळात आडव्या तीनच्या आकड्यासारखे चार पक्षी. आमचा गाव घाटावरचा, अवर्षणाचा. नारळ आम्ही पाहिलेला तो वाण्याच्या दुकानात, शेंडीसकट. सर फेरी मारत यायचे, कागदावरच्या नारळावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हे झाड कुणाच्या परसातलं रे?" एवढंच. रागावणं नाही, खोडरबर नाही. पुढच्या बाकाकडे जायचे.

तो प्रश्न मला अजून पुरतो. बालपणाचं, त्यातून खेड्यातल्या बालपणाचं चित्र म्हटलं की मोठमोठ्यांच्या हातूनही हा नारळ उगवतोच. म्हणून आज मी एकच चित्र घेऊन आलो आहे. हे पडद्यावर दिसतंय ते. कामिय पिसारो या चित्रकारानं १८८७-८८ मध्ये केलेलं तैलचित्र. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. लांबी-रुंदी जवळजवळ सारखी, साधारण त्र्याण्णव सेंटिमीटर. म्हणजे चौकटीसकट आपला कॅरमबोर्ड असतो ना, जवळपास तेवढं.

चित्राचं नाव मराठीत आणताना मी अडलो. 'विस्तव पेटवणारी शेतकऱ्याची पोर' इथपर्यंत ठीक. पण त्यात आणखी एक शब्द आहे, गवतावर गोठून पांढऱ्या पडलेल्या दवाचा. आपल्याकडे दव आहे, दहिवर आहे, धुकं आहे, गारा आहेत. पण गोठलेल्या दवाला रोजच्या बोलण्यातला शब्द नाही, कारण ती वस्तूच रोजची नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रात फोटोसह बातमी येते, इतकं ते अप्रूपाचं. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला मात्र हे प्रकरण ठाऊक आहे. पारा खाली घसरला की तो रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतो. मी आपला 'हिमदव' म्हणतो. शब्द थोडा पुस्तकी आहे, चालवून घ्या.

आता चित्र. थंडीनं काकडलेलं कुरण. लांबवर झाडं, चरणारी गुरं. समोर एक मुलगी उभी आहे, चौदा-पंधराची असेल. लांब फांदी हातात धरून ती वाकवते आहे, गुडघ्याचा जोर लावून मोडते आहे. शेजारी विस्तव, धूर, आणि विस्तवाच्या उबेला आलेलं एक लहानगं मूल. बस, एवढंच. गोष्ट म्हणाल तर यात काही नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही पुढे सरकलो होतो. ओर्से संग्रहालय पूर्वी रेल्वे स्टेशन होतं. १९८६ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. तिथं आजही लोक गाडी चुकेल अशा बेतानंच चालतात. मीही त्यांतलाच. दहा-बारा पावलं पुढे गेलो आणि मागे वळून पाहिलं, तेव्हा चित्र हललं. खरंच हललं म्हणजे काय, ते सांगतो.

जवळ गेलात तर या चित्रात मुलगीही नाही आणि विस्तवही नाही. नुसते ठिपके आहेत. बारीक, आखूड, एकमेकांना खेटून दिलेले निळे, गुलाबी, नारिंगी, हिरवे, जांभळे ठिपके. लांब उभं राहिलं की ते आपल्या डोळ्यात एकत्र येतात, पण पुरते विरघळत नाहीत, थरथरत राहतात. विस्तवावरची हवा कशी दिसते ते आठवा. भट्टीच्या पलीकडे उभा असलेला माणूस जसा लपकतो, पाण्यातून पाहिल्यासारखा. उष्णता रेषेनं काढता येत नाही. ज्वाळा काढता येते, पण ज्वाळा म्हणजे ऊब नव्हे. पिसारोनं ऊब रंगवली आहे. आणि गंमत अशी की थंडीही त्यानं त्याच ठिपक्यांनी रंगवली आहे. सावलीतलं गवत निळं-जांभळं. जिथं ऊन पोचलं तिथं पिवळसर, गुलाबी. ऊब आणि गारठा शेजारी शेजारी, एकाच हाताचे.

या ठिपक्यांच्या मागे शास्त्र होतं आणि ते रंगाबद्दलच्या एका तक्रारीतून निघालेलं होतं. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा गालिचे आणि पडदे विणण्याचा सरकारी कारखाना आहे. तिथल्या रंगशाळेवर शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो. शेव्रलनं सूत तपासलं, रंग तपासला. दोन्हींत खोट नव्हती. खोट शेजाऱ्यात होती! काळ्या धाग्याला लागून जो रंग विणला होता, तो काळ्याला फिका पाडत होता. रंग एकटा कधीच दिसत नाही, तो शेजाऱ्यासकट दिसतो, हे त्यानं १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहून मांडलं. निळ्याशेजारी नारिंगी ठेवा, दोघंही पेटतात. पैठणी विणणाऱ्याला हे कुणी ग्रंथातून शिकवलं नसेल, पण काठाला कोणता रंग धरला की पदर उठतो हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. चित्रकारांनी त्याचं शास्त्र केलं. जॉर्ज सरा या तरुणानं रंग पॅलेटवर कालवायचेच नाहीत, ठिपक्यांनी शेजारी ठेवायचे आणि कालवण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं, अशी रीत बसवली.

सरा आणि त्याचा मित्र पॉल सिन्याक पिसारोला भेटले १८८५ मध्ये. पिसारो तेव्हा पंचावन्न वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, पोराबाळांनी भरलेल्या घराचा कर्ता. सरा पंचविशीतला. आणि हा म्हातारा त्या पोराचा विद्यार्थी झाला! आपल्याकडे शिष्यानं गुरूला मागे टाकल्याच्या कथा पुष्कळ आहेत, पण पंचावन्नाव्या वर्षी आपली जमलेली वही फाडून पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसलेला माणूस विरळा. ही वही काही साधी नव्हती. दृक्प्रत्ययवादी, म्हणजे इम्प्रेशनिस्ट, चित्रकारांची १८७४ ते १८८६ या काळात आठ प्रदर्शनं झाली. आठही प्रदर्शनांत चित्रं मांडलेला एकच माणूस आहे, पिसारो. मोने नाही, रन्वार नाही, देगा नाही. घरातला सगळ्यात थोरला तोच, आणि नव्या पोरांच्या नादी लागून घर बदलणाराही तोच.

त्याचा धंदा बसला. त्याची चित्रं विकणाऱ्या द्युरां-र्युएल या व्यापाऱ्याला हे ठिपक्यांचं प्रकरण पसंत नव्हतं. शिवाय एकेका चित्राला महिनेच्या महिने लागत. पूर्वी शेताच्या बांधावर उभं राहून दुपारभरात जे व्हायचं, ते आता घरात बसून ठिपक्यामागे ठिपका देत करायचं. बाहेर देणेकरी.

घर चालवत होती त्याची बायको ज्यूली. पिसारोच्या आईकडे ती स्वयंपाकघरात कामाला होती; मूळची बर्गंडीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. त्याच्या घरच्यांना हे लग्न पसंत नव्हतं. खेडं पिसारोला कळलं याचं श्रेय टीकाकार त्याच्या दृष्टीला देतात. मला वाटतं, निम्मं तरी ज्यूलीला द्यायला हवं. त्याचा स्वतःचा जन्म कुठला, तर कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरचा, १८३०चा. बाप व्यापारी, ज्यू. शेण, चारा, सरपण यांच्याशी त्याचा बालपणी संबंध काय असणार? १८८४ मध्ये हे कुटुंब पॅरिसच्या वायव्येला, एप्त नदीकाठच्या एरान्यी या खेड्यात राहायला गेलं. घरामागे बाग, पुढे कुरण. त्याच वर्षी धाकटा मुलगा जन्मला. त्याच्यावर तीन वर्षांची मुलगी होती. म्हणजे हे चित्र चाललं होतं तेव्हा घरात सात-आठ वर्षांच्या आतली दोन पोरं बागडत होती. शेकोटीजवळचं लहानगं त्यांच्यापैकी कुणी आहे, असं मी म्हणत नाही. पण थंडी वाजलेलं मूल कसं उभं राहतं, हे शोधायला या बापाला लांब जावं लागलं नसेल, इतकं नक्की.

इथं मला थोडं मागे, १८७४कडे, जायचं आहे. त्या पहिल्या प्रदर्शनात पिसारोनं मांडलेल्या चित्रांत एक हिमदवाचंच होतं. आदल्या वर्षी काढलेलं. नांगरट झालेलं शेत, त्यावर गोठलेलं दव, आणि पाठीवर मोळी घेऊन वाट चढणारा एक माणूस. शेतावर झाडांच्या सावल्या पडल्या आहेत, पण झाडं चित्रात नाहीतच; ती चौकटीच्या बाहेर कुठंतरी उभी आहेत. लुई लरोआ नावाच्या पत्रकारानं या प्रदर्शनाची टवाळी करणारा लेख लिहिला. 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव रुळलं ते त्या टवाळीतून. त्यात एक सनातनी म्हातारा चित्रकार या चित्रासमोर उभा राहतो आणि त्याला ते शेत म्हणजे मळक्या कापडावर पसरलेलं पॅलेटचं खरवडण वाटतं. टवाळीत मजा आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी दृष्टीही आहे. शेताचे तास रंगाच्या खरवडीसारखे दिसतात हे त्याला दिसलं. फक्त तेच चित्रकाराला हवं होतं, हे दिसलं नाही.

मोळी नेणारा तो माणूस आणि फांदी मोडणारी ही मुलगी, दोघांमध्ये चौदा-पंधरा वर्षं आहेत. सरपण तेच, दव तेच. पण १८७३च्या चित्रात माणूस शेताचंच एक ढेकूळ वाटावा इतका लहान आहे. इथं मुलगी वरपासून खालपर्यंत चित्र व्यापून उभी आहे, गावच्या वेशीवर देवीची मूर्ती असावी तशी. पण मूर्ती स्थिर असते. ही कामात आहे.

सरानं ठिपक्यांनी माणसं रंगवली ती मुख्यतः शहरातली. पॅरिसजवळच्या बेटावर रविवारी फिरायला आलेली माणसं, छत्र्या, टोप्या, माकड. त्याची माणसं शिस्तीत, खुंट्यांसारखी उभी असतात. पिसारोनं तीच रीत शेतात नेली आणि तिला श्रम करायला लावले. आता नीट पाहा, ठिपक्यांच्या या रीतीचा एक परिणाम असा की त्यात लाडका कुणी राहत नाही. तैलचित्रात एरवी चेहऱ्याला मऊ हात, गवताला जाडा ब्रश, अशी पंक्तिप्रपंचाची पद्धत असते. इथं मुलीच्या गालाला जेवढा ठिपका, तेवढाच गवताला, तेवढाच धुराला. म्हणून तिच्या चेहऱ्यावर करुणा नाही, डोळ्यात पाणी नाही, ती आपल्याकडे बघतही नाही. तिला बघायला वेळ नाही. फांदी मोडायची आहे.

ज्यांना खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यात पाणी हवं असे, त्यांच्यासाठी तेव्हा मिलेची चित्रं होती. मिले थोर चित्रकार, त्याच्याविषयी मला अनादर नाही. पण त्याचं सांजप्रार्थनेचं चित्र, शेतात काम थांबवून मान खाली घालून उभे असलेले नवरा-बायको, १८८९च्या लिलावात साडेपाच लाख फ्रँकांच्या वर गेलं. मिले तेव्हा जाऊन चौदा वर्षं झाली होती. श्रीमंतांना प्रार्थना करणारा शेतकरी परवडतो. पिसारोची तुलना लोक सारखी मिलेशी करत आणि तो वैतागे. मिले बायबलातला आहे, ज्यू असून मी मात्र तसा नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं आहे. तो देव न मानणारा, अराजकवादी मताचा. त्याच १८८९ मध्ये त्यानं आपल्या भाच्यांसाठी अठ्ठावीस रेखाटनांची एक वही केली. सावकारी, भूक, आत्महत्या, असलं सगळं त्यात. मामानं भाच्यांना द्यायची ही काय भेट! पण मामा असा होता.

आणि एवढा कडवट माणूस या कुरणात मात्र कडवट नाही. इथंच माझा खरा मुद्दा आहे. फ्रान्समध्ये १८८२च्या मार्चमध्ये कायदा झाला; सहा ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षण सक्तीचं. कायद्यानंतर पाच-सहा वर्षांनी काढलेल्या या चित्रातली मुलगी त्या वयातून नुकतीच बाहेर पडलेली दिसते. लहानगं अजून त्या वयात शिरलेलं नाही. दोघंही कायद्याच्या दोन बाजूंना उभी, मध्ये शेकोटी. पिसारोनं हे मुद्दाम योजलं असा माझा दावा नाही. चित्रकार जन्मदाखले मागत नाहीत. पण बालपण म्हणजे काय, याचं उत्तर मला इथं दिसतं. बालपण दोघांचं असतं. एकाच्या वाट्याला ऊब, दुसऱ्याच्या वाट्याला सरपण. पुढे आठवणी लिहितो तो बहुधा शेकणारा असतो. म्हणून तर आठवणींतलं खेडं इतकं उबदार असतं.

पिसारोनं शेकणाऱ्याला कडेला ठेवलं आणि मोडणारीला मधे घेतलं.

या रीतीतली एक विसंगती मला फार आवडते. फांदी मोडायला किती वेळ लागतो? ताणली, वाकली, कड्... झालं. तो एक क्षण पकडायला हा माणूस महिनेच्या महिने ठिपके देत बसला. सरपण मोडणाऱ्या पोरीच्या क्षणाला इतका वेळ त्याआधी कुणी दिला होता? राजाच्या अंगरख्याला दिला असेल. त्याला स्वतःला हे झेपेना, हेही खरं. १८९०च्या सुमारास त्यानं ही रीत सोडली. ठिपक्यांच्या मागे धावताना जे जाणवलं ते हातातून निसटतं, अशी त्याची तक्रार होती. पुढच्या वर्षी सरा गेला, एकतिसाव्या वर्षी. पिसारो पुन्हा मोकळ्या हातानं रंगवू लागला, आणि १९०३ मध्ये गेला तोवर रंगवतच होता. त्याची नंतरची चित्रं सुंदर आहेत, पण विस्तवावरची ती थरथर मला त्यांत सापडत नाही.

पिसारो तिकडे हे करत होता, तेव्हा आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचं जे शिक्षण मिळत होतं ते बरंचसं युरोपातल्या जुन्या अकादमीच्या वळणाचं. हुबेहूब शरीर, नेटका प्रकाश, तपकिरी सावली. त्याच शाळेतून शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान पुढे दरबारची नोकरी सांभाळत कोटितीर्थ तळ्याच्या काठी बसून बदलत्या उजेडाची चित्रं काढत राहिले. ते पॅरिसला कधी गेले नाहीत. ज्यानं सकाळ-संध्याकाळ एकच तळं पाहिलं, त्याला सावली काळी नसते हे तळ्यानंच सांगितलं असणार. आबालालांवर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. व्याख्यानमालेच्या आयोजकांनी मनावर घ्यावं.

आता थोडं घरचं. बोलू की नको, असं मनात होतं. पण सरांचा तो नारळ आहे ना समोर.

आम्ही पाच भावंडं, मी शेंडेफळ. थोरल्या अक्काची शाळा चौथीत सुटली, कारण मी झालो. आई रोजगाराला जायची, मी अक्काच्या कडेवर. हिवाळ्यात पहाटे अंगणात शेकोटी असायची. तुरकाट्या, पाचट, शेणकुटाचे तुकडे, जे मिळेल ते. मी पोत्यावर बसलेला असायचो, पाय आगीकडे करून. या आठवणीवर मी एक लेख लिहिला होता, तो एका दिवाळी अंकात आला, लोकांनी वाखाणला. त्यात धुराचा वास होता, लाल निखारे होते, पहाटेची चांदणी होती. अक्का एका वाक्यात होती. आज तो लेख वाचला की सरांचं बोट दिसतं.

पॅरिसहून येताना या चित्राचं एक मोठं छापील चित्र आणलं होतं. गेल्या दिवाळीत अक्का आमच्याकडे आली तेव्हा ते भिंतीवर होतं. वय आता ऐंशीच्या घरात. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, नवा चष्मा. चहाची कपबशी हातात घेऊन ती त्याच्यापुढे उभी राहिली. मी उत्साहानं सांगायला लागलो, हा फ्रान्सचा चित्रकार, हे ठिपके, हे निळं आणि नारिंगी. ती हूं हूं करत होती. मग म्हणाली,

"फांदी ओली हाय रं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"बघ की किती लवलीय. वाळलेली असती तर कवाच मोडली असती. ओली हाय, म्हून तर धूर हाय एवढा." मग जरा थांबून, बशीतला चहा फुंकत, "पोरीला वाळलेलं गावलं नसंल. त्या बारक्याच्या डोळ्यात जाणार धूर. त्याला ह्या अंगाला बसवाया पायजे होतं तिनं."

मी दहा-बारा वर्षं या चित्राबद्दल वाचत होतो. ठिपके मोजत होतो म्हणा ना. फांदी ओली असावी, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अक्कानं चहा संपवला, बशी मोरीत नेऊन विसळली आणि जाता जाता पुन्हा एकदा चित्राकडे पाहून म्हणाली, "गुरं लांब गेल्याती तिची."